फडकं जिथं पोचत नाही

ब्रेक दाबला की गाडीत पाणी चुळकायचं. बारीकसा आवाज, गाडी थांबताना एकदा, सुटताना एकदा. मला वाटलं, मागच्या सीटखाली कुणाची तरी बाटली लोळते आहे. दोनदा हात घालून पाहिलं. शेंगदाण्याची टरफलं, पाचाचं एक नाणं आणि आईचा हरवलेला कंगवा मिळाला, बाटली नव्हती. ऑगस्ट होता, गुहागरात आठवडाभर पाऊस उघडला नव्हता, सगळीकडेच पाणी वाजत होतं. त्यात गाडीतलं पाणी कोण ऐकतो?

गाडी बाबांची. लहान, पांढरी, नऊ पावसाळे पाहिलेली. कोकणात माणसाचं वय पावसाळ्यांत मोजतात ते बोलण्यापुरतं असेल, गाडीचं मात्र खरोखर तसंच मोजायला हवं. किलोमीटर फारसे झाले नव्हते. बाजार, बँक, महिन्यातून एखादी चिपळूणची फेरी. पण दर रविवारी सकाळी बाबा तिला न्हाऊ घालत. नळाला पाइप लावून पाणी, शाम्पू, जुन्या बनियनचं फडकं. शेवटी टपावरून हात फिरवून दोन पावलं मागं सरत आणि कमरेवर हात ठेवून बघत उभे राहत. आळीतली सगळ्यात चकचकीत गाडी आमची होती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आधी चिपळूणला नेली तेव्हा मी आवाजाचं सांगितलं. महामार्गालगतच्या शेडमधले हे मिस्त्री डेंटिंग-पेंटिंगवाले. इंजिनाला हात लावत नाहीत. पत्रा आणि रंग एवढाच त्यांचा प्रांत. त्यांनी दार उघडलं, मिटलं, बोटाच्या पेरानं खालची कडा ठोकून पाहिली. मग गाडी रॅम्पवर घ्यायला लावली, खाली शिरले आणि दाराखालून जो लांब पोकळ पट्टा जातो, ज्याला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, त्याच्या पोटातलं रबरी बूच स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं. तांबडं पाणी धार धरून खाली आलं. दोन तांबे तरी असेल.

बाबांचा चेहरा उतरला. "मी दर रविवारी धुतो हो गाडी."

"तेच तर काका," मिस्त्री म्हणाले. "धुताय. सुकवत नाय."

त्यानंतर दोन दिवस मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून होते. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं तिथं पाहिलेलं आहे, उरलेलं नंतर वाचून ताडून घेतलेलं.

मिस्त्रींनी पहिल्यांदा पुढच्या चाकावरचं मडगार्ड खोललं. चाकाच्या कमानीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. ते काढल्यावर मडगार्ड आणि दाराचा खांब यांच्यामधली जागा दिसली. एरवी ती जागा गाडीच्या मालकाला आयुष्यात कधी दिसत नाही. तिथून एक थापा निघाला. गोवरीएवढा, ओला, काळपट. मिस्त्रींनी तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि पेचकसानं फोडला. आत गुलमोहराची बारीक पानं होती, जांभ्याची लाल माती होती, आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या. पाकळ्यांचा रंग गेला होता, पण आकारावरून ओळखता येत होत्या.

म्हणजे खंडेनवमीचा हार. दर दसऱ्याला बोनेटला आपण हार बांधतो, वायपरमध्ये आपट्याची पानं खोचतो, नारळ फोडतो. हार दोन-चार दिवस राहतो, सुकतो, आणि गाडी चालली की पाकळ्या काचेखालच्या काळ्या जाळीतून आत उतरतात. त्या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिथं गोळा होऊन दोन्ही बाजूंच्या भोकांतून मडगार्डाच्या मागे खाली पडावं, अशी योजना. कौलारू घराच्या पन्हळीसारखीच. पावसाळ्याआधी आपण घराची पन्हळ काढतो. गाडीला पन्हळ आहे हेच आपल्याला माहीत नसतं. पाकळ्या तिथं अडकल्या की त्यांच्यावर पानं, पानांवर माती, आणि मग तो थापा महिनोन् महिने ओल्या फडक्यासारखा पत्र्याला चिकटून राहतो. पत्रा कुजायला याहून जास्त काही लागत नाही. हाराला बांधलेली तार बोनेटच्या कडेला जो ओरखडा काढते तो वेगळाच.

पत्रा किती पातळ असतो याची आपल्याला कल्पना नसते. आजच्या मोटारीच्या बाहेरच्या अंगाचा पत्रा बहुतेक ठिकाणी ०.७ ते ०.८ मिलिमीटर. खिशातलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर असतं, तेवढंच. त्यावर जो रंग असतो, त्याचे सगळे थर मिळून झेरॉक्सच्या एका कागदाएवढे भरतात. चमक देणारा वरचा पारदर्शक थर, त्याखाली रंगाचा, त्याखाली प्रायमर, आणि सगळ्यात खाली, पत्र्याला लागून, २० मायक्रॉनच्या आसपासचा एक राखाडी थर. म्हणजे त्या कागदाचा पाचवा हिस्सा. बाहेरून दिसणाऱ्या भागाला चारही थर मिळतात. बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा डिकीच्या कोपऱ्यात त्यातले एक-दोन कमी होतात. आणि रनिंग बोर्डाच्या पोकळ पोटात फक्त तो राखाडी थर. त्याच्या जिवावर सगळं चाललेलं असतं.

तो थर कसा चढवतात ते ऐकण्यासारखं आहे. वेल्डिंग झालेला गाडीचा अख्खा सांगाडा आधी धुऊन फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात आणि मग पातळ रंगानं भरलेल्या मोठ्या हौदात बुडवतात. सांगाड्याला विजेचं एक टोक जोडलेलं, हौदाला दुसरं. वीज सुरू झाली की रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जाऊन त्यावर बसतात. जिथं रंग बसला तिथं वीज वाहायला अडथळा होतो, म्हणून ती उघड्या जागा शोधत पुढं सरकते. ब्रश जिथं कधीच पोचणार नाही अशा बोळकांडीत रंग आपण होऊन शिरतो. फोर्ड कंपनीत ही पद्धत १९६० च्या दशकात उभी राहिली. आजचं तिचं सुधारलेलं रूप १९७० च्या दशकातलं. मग भट्टीत भाजून थर पक्का करतात. तरीही खोल पोकळीत विजेचा जोर कमी पडतो आणि थर बाहेरच्यापेक्षा पातळच राहतो.

आता गंमत अशी, की हौदात बुडवताना रंग आत शिरायला आणि उचलताना तो निथळून जायला सांगाड्याला भोकं ठेवावी लागतात. डझनावारी भोकं. काम झालं की त्यांतली बरीच रबरी बुचांनी बंद करतात आणि काही मुद्दाम उघडी ठेवतात. रंगाला जी वाट होती तीच पुढे पावसाच्या पाण्याची वाट. दाराच्या खालच्या कडेला तीन-चार फटी असतात, त्या याचसाठी. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी रबरी पट्टीनं पूर्ण अडत नाही. ते दाराच्या पोटात जातं आणि खालून बाहेर पडतं. दार ही पाणबंद पेटी नाही. पाणी आत येणारच असं धरून ती केलेली असते. फक्त ते बाहेर जायला हवं.

आमच्या गाडीत ते जात नव्हतं, कारण वाटच बुजवलेली होती. ती कुणी बुजवली, ते पुढं सांगते.

त्याआधी मिठाचं. आमच्याकडे पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं. आई त्यात तांदळाचे दाणे टाकते, तरी पाझरतं. शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं ते हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की. कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. पण समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला पाणी सुटायला ३३ टक्के आर्द्रता पुरते. म्हणून तर खडेमीठ बारीक मिठापेक्षा लवकर ओलं होतं. गाडीच्या सांध्यात एकदा समुद्राचं मीठ बसलं की डिसेंबरच्या कोरड्या दिवसातही ते ओलच धरून ठेवतं. पाऊस नसला तरी पत्रा ओला. आणि खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतं. गंजणं ही शेवटी एक चिमुकली बॅटरीच असते.

दाभोळ-धोपावे जंगलजेटीनं जो रोज ये-जा करतो, त्याच्या गाडीचा खालचा भाग एकदा पाहावा. वाशिष्ठीची खाडी ओलांडताना बोटीच्या फळीवर आणि धक्क्याच्या उतारावर खारं पाणी असतंच. चाकं त्यातून जातात, फवारा थेट कमानीत. तरी ते बिचारे नाइलाजानं जातात. कर्दे, लाडघर, मुरूडच्या पुळणीवर जे पाहुणे हौसेनं गाडी घालतात, लाटेतून पळवून रील काढतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं! भरतीला गाडी रुतली तर निदान वर्तमानपत्रात फोटो येतो. जी रुतत नाही, ती चेसिसच्या पोकळीत मूठभर ओली खारी वाळू घेऊन पुण्या-मुंबईला जाते, आणि दोन वर्षांनी मालक गाडीच्या कंपनीला शिव्या घालतो. प्रयोगशाळेत रंगाची कसोटी घेतात ती ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंश तापमानात सतत मारून. समुद्रात मीठ साडेतीन टक्के. पुळणीवर गाडी पळवणारे ती कसोटी पदरच्या पैशानं घेत असतात.

मिस्त्रींनी दाखवलेली सगळ्यात चकित करणारी गोष्ट म्हणजे दाराची खालची कडा. परकराच्या घेराला कापड आत दुमडून टीप घालतात, तसा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या दुमडीत केसाएवढी फट. पाणी त्या फटीत वर चढतं आणि उतरायचं नाव घेत नाही. मला वाटायचं, हवा आणि पाणी दोन्ही भरपूर असेल तिथं गंज जास्त. उलट आहे. फटीच्या तोंडाशी प्राणवायू असतो, खोलात नसतो. या फरकामुळेच खोलातलं लोखंड विरघळू लागतं. जिथं हवा पोचत नाही तिथला पत्रा आधी जातो. शिवाय गंजाचा आकार मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे तो आतून दुमड उसवतो, रंग उचलतो, आणि मग बाहेर साबुदाण्याएवढा फोड दिसतो. फोड दिसला म्हणजे गंज लागायला सुरुवात झाली, असं आपण समजतो. मिस्त्रींच्या हिशेबात फोड म्हणजे शेवटचा अंक. त्यांनी एका फोडावर पेचकस टेकवला, फारसा जोरही लावला नाही, आणि तो आरपार गेला. बाबा शेडबाहेर जाऊन उभे राहिले.

आता वाट कुणी बुजवली ते. गाडी घेतली तो जुलै महिना होता. ताबा देताना विक्रेत्यानं 'अंडरकोटिंग' करून घ्यायचा आग्रह धरला, कोकणात हवंच म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. बाहेर धो धो पाऊस, गाडी यार्डातून भिजत आलेली, तशीच रॅम्पवर घेतली आणि तासाभरात खालून डांबरासारखा काळा थर मारून दिली. आम्ही पैसे मोजले, पेढे वाटले. त्या थराखाली रनिंग बोर्डाची निचऱ्याची भोकं गडप झाली होती. नऊ वर्षं ती बंद होती. वरून येणारं पाणी, दर रविवारचं बाबांचं पाणीसुद्धा, आत साठत राहिलं. विक्रेत्याचं नाव लिहून आता उपयोग नाही. अशी कामं एकाच ठिकाणी होत असती तर लिहिलंही असतं.

काळ्या थराबद्दल माझं मत त्या दिवसापासून पक्कं झालं आहे. स्वच्छ, खडखडीत सुकलेल्या पत्र्यावर तो जरूर मारावा. उडणाऱ्या खडीपासून खालचा रंग तोच वाचवतो. पण ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारला तर तो गंजावर पांघरूण घालतो. कालांतरानं थर कडक होतो, त्याला तडे जातात, तड्यातून पाणी शिरतं आणि थराच्या आड मुक्काम करतं. वरून गाडी काळी कुळकुळीत, आतून चाळण. गॅरेजांतली दुसरी जुनी रीत म्हणजे सर्व्हिसिंगनंतर काळं ऑइल डिझेलमध्ये पातळ करून खालून फवारायचं. ट्रकच्या पाट्यांना ऑइल मारतात ते ठीक, पण मोटारीच्या रबरी बुशांना ते फुगवतं, आणि पहिल्या पावसात ते ज्या रस्त्यावर टपकतं त्या रस्त्यावरून मागून दुचाकीवाला येत असतो.

परदेशात हा रोग आपल्याहून जुना आहे, कारण तिथं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावरच मीठ टाकतात. समुद्र दारात येतो म्हणायचा. डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्ट या जर्मन कारागिरानं १९५९ साली गाडीच्या पोकळ्यांत गंजरोधक फवारण्याचाच धंदा काढला आणि तो पुढे जगभर गेला. टोरांटोत राहणारा माझा चुलतभाऊ दर शरद ऋतूत गाडीच्या पोटात तेल मारून घेतो. आपण श्रावणीला जानवं बदलावं इतक्या नेमानं. ब्रिटनमध्ये तर गंजानं एका नामांकित कंपनीला घालवलं. लान्सिया ही इटालियन कंपनी, तिची 'बीटा' ही गाडी चालवायला फार गोड म्हणतात. पण इंजिन ज्या चौकटीवर बसतं ती चौकट गंजून सुटू लागली. १९८० साली कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. नाव गेलं ते गेलंच. १९९४ मध्ये लान्सियानं ब्रिटनची बाजारपेठ सोडली. दोष होता तो वरून न दिसणाऱ्या, हात न पोचणाऱ्या जागी.

त्यावरचा उतारा म्हणजे जस्त. पोर्शेनं १९७० च्या दशकाच्या मध्यावर आपल्या ९११ चा पत्रा जस्ताचा केला, ऑडीनं १९८० च्या दशकात पूर्ण सांगाडा. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी. १८२४ साली हम्फ्री डेव्हीनं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना तळाशी तांब्याचा पत्रा असे, तो वाचवण्यासाठी जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे बसवून दाखवले. तांबं वाचलं, पण ते विरघळेनासं झाल्यावर त्यावर शिंपले आणि शेवाळ माजलं नि जहाजं मंदावली. आजही पोलादी बोटींच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावलेले दिसतात. गाडी घेताना मायलेज आणि टचस्क्रीन विचारतो, तसं पत्रा कुठं कुठं जस्ताचा आहे तेही विचारावं. विक्रेता गोंधळेल. गोंधळू द्यावा.

आमच्या गाडीचं काय केलं, तर डाव्या रनिंग बोर्डाचा हातभर भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. उजवीकडचा वाचण्यासारखा होता. सुटा गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं खरवडला, आणि जो छिद्रांत रुतून बसला होता त्यावर मिस्त्रींनी बाटलीतलं एक द्रावण लावलं. तांबडा गंज बघता बघता निळसर काळा पडला. बाटलीवर टॅनिक आम्ल लिहिलेलं होतं. मला एकदम लोखंडी कढईतला आवळा आठवला. तोही याच कारणानं काळा पडतो. पूर्वी पोथ्यांसाठी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करत, तीही हीच. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड. तर गंजाची शाई झाली, त्यावर प्रायमर बसला, त्यावर रंग. लांबी भरून फोड बुजवायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. लांबी पाणी पिते, म्हणाले, आणि सहा महिन्यांत फोड दुप्पट होऊन परत येतो. विकायची असेल तर मारून देतो, असंही म्हणाले. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानं फ्रिजवरचं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून चाकाच्या कमानींवर आणि दाराच्या कडांवर फिरवून पाहावं. लांबीवर ते धरत नाही.

तिथून आमचा रविवार बदलला. मिस्त्रींनी जाताना बाबांच्या हातात जे हत्यार दिलं, ते होतं माडाच्या हिराची काडी. केरसुणीतली. दाराखालच्या फटी मोकळ्या करायला तार घालू नका, म्हणाले, तार आतला रंग खरवडते आणि तिथूनच नवा गंज धरतो. हीर लवचीक असतो, ओरखडत नाही. शहरात हीर नसेल तर प्लॅस्टिकचा केबल टाय चालतो.

आता बाबा आधी सगळी दारं, डिकी आणि बोनेट उघडतात. बाहेरून धुणं शेवटी. काचेखालच्या जाळीतली पानं हातानं वेचायची. पाण्यानं ढकलली तर ती आतच जातात. चौकटी, बिजागऱ्या, दाराच्या कुलपाभोवतीचा भाग यांना रंगाचा जुना मऊ ब्रश आणि मगभर शाम्पूचं पाणी पुरतं. बिजागरीवर ग्रीस आणि धूळ मिळून जी काळी चिक्की होते ती सौम्य डीग्रीझरनं निघते. पेट्रोल लावू नये, रबर फुगतं. कपड्यांच्या पावडरनं तर गाडी कधीच धुऊ नये, मेणाचा थर पहिल्याच खेपेला उतरतो. रबरी पट्ट्या उचलून खालची खाच पुसायची. पेट्रोलच्या झाकणामागच्या वाटीला एक बारीक भोक असतं. आमच्याकडे तिथं एक हिरवा बेडूक राहत होता, त्याला सन्मानानं अळवात सोडला. स्टेपनी उचलून तिच्याखालच्या खड्ड्यात हात घालून बघायचा. बॅटरीच्या ट्रेवर पांढरी-निळी भुकटी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवायची, कारण तिथलं आम्ल रंगही खातं आणि पत्राही. रबरी मॅट उचलून खालची सतरंजी ओली नाही ना हे पाहायचं. ओल्या चपलांचं पाणी मॅटखाली महिनाभर राहतं आणि फ्लोअर वरून कुजतं. खालून काळा थर कितीही असो.

चाकाच्या कमानीची आतली ओठासारखी कडा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तिच्यावर चिखलाची रांग बसते. हातमोजा घालून बोटानं ती ओरपून काढायची, मग आतून पाइपचं गोडं पाणी. जोरदार प्रेशरचं यंत्र कमानीत आणि खाली ठीक आहे, पण दाराच्या फटीवर आणि रबरांवर रोखू नये. जे पाणी एरवी आत गेलं नसतं तेही ते रेटून आत घालतं. वॉशिंग सेंटरवाल्यांना हे सांगितलं की ते हसतात. तरी सांगावं.

आणि मग सुकवणं. दारं सताड उघडी ठेवून अर्धा तास उन्हात, त्यानंतर गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून दोन-तीनदा ब्रेक. कुठं पाणी अडलं असेल तर वाजतं, हे आता आमच्या घरात सगळ्यांना कळतं. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालण्यासारखं पाप नाही. त्यापेक्षा ती उघड्यावर भिजलेली बरी. वारं तरी लागतं.

संरक्षणाचं काम वर्षातून एकदाच, आणि त्याची वेळ ठरलेली. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कडक उन्हात. चौकटींना, बोनेटच्या आतल्या कडांना, झाकणांच्या पन्हळींना बाहेरच्या पत्र्याचंच साधं मेणाचं पॉलिश लावलं तरी पाणी थेंब होऊन ओघळतं. पोकळ्यांसाठी वेगळं मेण मिळतं. डब्याला लांब नळी असते, तिच्या टोकाच्या छिद्रांतून चहूबाजूंनी फवारा उडतो. बूच काढून नळी आत शेवटपर्यंत घालायची आणि हळूहळू ओढत फवारायचं. खाली कागद पसरायचा, चोवीस तास निथळू द्यायचं, बूच परत लावायचं आणि निचऱ्याची भोकं हिरानं पुन्हा उघडायची. हे शेवटचं विसरलं तर सगळं मुसळ केरात. आमच्या विक्रेत्यानं तेच केलं होतं. डब्ल्यूडी-फॉर्टीचा डबा प्रत्येक गॅरेजात असतो आणि लोक तोच मारून मोकळे होतात. क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला १९५३ साली ते सिद्ध केलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून फॉर्टी. पाणी हटवायला ते उत्तम. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे राहणारा पापुद्रा चार महिन्यांच्या पावसाला पुरत नाही.

पुरात गेलेल्या गाडीला मात्र यातलं काहीच पुरत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा असंख्य गाड्या त्यात बुडाल्या. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. पुराच्या पाण्यात गाळ असतो, आणि तो प्रत्येक पोकळीत पिठासारखा बसतो. इंजिन दुरुस्त होतं, सीट बदलतात, वास जातो. पोकळ्यांतला गाळ तसाच राहतो, पाणी धरून. चिपळूणच्या पुरातल्या गाड्यांचे रनिंग बोर्ड तिसऱ्या-चौथ्या वर्षी हातात यायला लागले, असं मिस्त्री सांगतात. बुचं काढून आतून गोड्या पाण्यानं खळखळून धुणं, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत, एवढाच उपाय होता, आणि तो पहिल्या आठवड्यात करायचा होता. तेव्हा घरातला चिखल उपसायचा की गाडीतला, असा प्रश्न होता.

आमची गाडी चालू आहे. डाव्या बाजूला रंग किंचित वेगळा दिसतो, बाबांना तो सलतो. यंदा त्यांनी हार बोनेटला बांधला नाही. आतल्या आरशाला छोटी माळ घातली, चाकांना हळद-कुंकू वाहिलं, आणि नारळाचं पाणी उडालं तिथं लगेच ओलं फडकं फिरवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस पूजा आटोपून हिराची काडी घेऊन खाली वाकला आणि चारही दारांच्या फटी तपासून आला.

 दसऱ्याचा हार अजून गाडीवर असेल तर वाचन थांबवा आणि आधी तो काढून या.